चावणारा कुत्रा आणि सांभाळणारा माणूस

राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला एक फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतो. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद. आणि त्यांच्याबरोबर टॉबी, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. फोटोची नावे सांगताना टॉबीचे नाव बहुतेक जण विसरतात. पण कुटुंबाच्या फोटोत त्याला जागा होती, याचा अर्थ तो कुटुंबात होता.

आरोग्याच्या पानावर या वेळी कुत्र्याचा विषय घेण्याचे कारण म्हणजे आमच्याकडे वारंवार येणारे दोन प्रश्न. पहिला प्रश्न शहरात राहणाऱ्या तरुण मुलांचा असतो: कोणत्या जातीचा कुत्रा धोकादायक? दुसरा खेड्यातल्या बायाबापड्यांचा: घरचाच कुत्रा चावला आहे, सुई घ्यायलाच पाहिजे का? वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडलेली आहे. कुत्रा पाहताना आपण त्याचे कूळ पाहतो, घर पाहतो, आणि त्याला कसे सांभाळले आहे हे पाहायचे राहून जाते.

आधी शब्दाचे सांगू. मराठीत कुत्र्याच्या प्रकारालाही 'जात' म्हणतात. आम्ही या लेखात 'ब्रीड' म्हणणार आहोत. माणसाची जात माणसाने माणसावर लादलेली आहे, शरीरात तिला कसलाही आधार नाही. कुत्र्याचे ब्रीड मात्र माणसाने पिढ्यान् पिढ्या ठरवून जोड्या लावून शरीरात उतरवलेले असते. दोन्हींना एकच शब्द वापरला की 'ते रक्तातच असते' हे वाक्य जिभेला सोपे होते, आणि एकदा सोपे झालेले वाक्य कुत्र्यापाशी थांबत नाही.

आता ब्रीडबद्दल. कुत्र्याचे ब्रीड कामासाठी तयार झाले. आपल्या मराठवाड्यातले पश्मी आणि कारवान हे उंच, सडपातळ, लांब पायांचे कुत्रे सशामागे धावण्यासाठी. मेंढपाळाबरोबर फिरणारा कुत्रा परक्या माणसाला आणि लांडग्याला कळपाजवळ येऊ न देण्यासाठी. जर्मन शेफर्ड मेंढ्या वळवण्यासाठी, पुढे पोलीस आणि लष्करासाठी. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या झुंजी लावण्यासाठी तयार केले गेले. धरलेले सोडायचे नाही, हा गुण त्यात मुद्दाम जोपासला गेला.

म्हणजे ब्रीडला काहीच अर्थ नाही असे नाही. पण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतो. एक, कुत्रा चावण्याची शक्यता किती. दोन, चावला तर इजा किती. दुसऱ्या गोष्टीत ब्रीडचा वाटा मोठा आहे. चाळीस-पन्नास किलोचा रॉटवायलर आणि दहा-बारा किलोचा गावठी कुत्रा यांच्या चाव्यात फरक पडणारच. जुलै २०२२ मध्ये लखनऊ शहरात घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव गेला, तेव्हा देशभर हे दिसून आले. पहिल्या गोष्टीचे मात्र तसे नाही. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली, दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए तपासला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. चिडून अंगावर येणे या स्वभावाचा तर ब्रीडशी संबंध फारच कमी निघाला.

याच्या उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना करणारा एक जुना अभ्यास १९९४ मध्ये आला. त्यात चावणाऱ्यांमध्ये जर्मन शेफर्ड आणि चाऊ चाऊ जास्त दिसले. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि त्या आमच्या दृष्टीने जास्त कामाच्या आहेत. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा चावण्याची शक्यता पावणेतीन पट जास्त होती. नसबंदी न केलेल्या कुत्र्याची अडीच पटीहून जास्त. ब्रीड एकदा घरात आले की बदलता येत नाही. साखळी आणि नसबंदी आपल्या हातात आहे.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, टोसा अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले होते. ते पत्र पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. संबंधितांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतला, हे त्यामागचे मुख्य कारण. त्यामुळे 'पिटबुलवर बंदी आहे' असे जे अजून मोबाइलवर फिरते ते धरून चालू नका. इंग्लंडने १९९१ मध्येच कायदा करून पिटबुलसह चार ब्रीडवर बंदी घातली. नंतरच्या काळात तिथे कुत्रा चावून दवाखान्यात भरती होणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत गेली.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही तालुक्यात बघा. आपल्याला चावणारा कुत्रा सहसा पिटबुल नसतो. तो गल्लीतला असतो, शेजारचा असतो, नाहीतर आखाड्यावर बांधलेला असतो. आखाड्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य एकदा नीट पाहा. दीड-दोन हात साखळी. दिवसभर ऊन. सकाळ-संध्याकाळ शिळी भाकर, पाणी आठवले तर. गडी येता-जाता दगड मारतो, पोरे काडीने डिवचतात. रात्री मोकळे सोडतात. काही ठिकाणी तर तो 'तिखट' व्हावा म्हणून पिल्लू असल्यापासून माणसांत येऊच देत नाहीत. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचे वय शिकण्याचे असते. त्या काळात त्याने लहान मुले, म्हातारी माणसे, मोटारसायकल, बैलगाडी, अनोळखी पाहुणा हे पाहिलेले नसले, तर पुढे प्रत्येक अनोळखी गोष्ट त्याला भीतीची वाटते. आणि बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली की पळण्याचा मार्ग नसतो. उरतो तो एकच मार्ग. ज्याला आपण 'तिखट कुत्रा' म्हणतो, तो पुष्कळदा भेदरलेला कुत्रा असतो.

हल्ली नवी हौस आली आहे. नांदेड-परभणीकडून, मोबाइलवर फोटो पाहून हस्की किंवा रॉटवायलरचे पिल्लू आणतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये बांधतात. हस्की बर्फात गाडी ओढणारा कुत्रा, त्याला आपला मे महिना दाखवायचा! उष्णतेने, पिसवा-गोचिडाने, कानाच्या दुखण्याने हैराण झालेला कुत्रा चिडचिडा होतो. आतापर्यंत गरीब असलेला कुत्रा अचानक चावायला लागला तर आधी त्याला काही दुखते आहे का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. आणि पिल्लू दोन महिन्यांचे होण्याआधी विकायला कायद्याने मनाई आहे. महिन्याचे पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका, आईपासून इतक्या लवकर तोडलेले पिल्लू चावण्याचा अंदाजच शिकलेले नसते.

गेल्या हळद काढणीच्या हंगामातली गोष्ट. आमच्या परिचयातल्या एक बाई रोजाने हळद काढायला एका आखाड्यावर गेल्या. दुपारी पाणी घ्यायला गोठ्याकडे वळल्या, आणि खोडाआड बांधलेला कुत्रा पोटरीला चावला. रक्त आले. मालक माणूस वाईट नव्हता. त्याने कुत्र्याला हाणले, घरातून तिखट आणून जखमेवर दाबले आणि म्हणाला, "मावशी, घरचं कुत्रं हाय, काही होत नसतंय." मावशींनीही ऐकले. रोज बुडवून दवाखान्यात जाणे परवडणारे नव्हते, आणि मालकाच्या शब्दापुढे काय बोलणार? पाच दिवसांनी त्यांच्या लेकीने ही गोष्ट आम्हाला सांगितली. त्या कुत्र्याला लस दिली आहे का, असे विचारले तर मालकाला आठवेना. मग कळले की दिलेलीच नव्हती.

'घरचं कुत्रं' हा लसीचा दाखला नाही. रात्री मोकळा सुटणारा कुत्रा गावातल्या सगळ्या कुत्र्यांत मिसळतो, त्यांच्याशी भांडतो. त्यातला एखादा पिसाळलेला असला की झाले. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत जातो, तिथून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी वर्षभरही. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. पाणी पिताना घसा आवळणे, वाऱ्याची झुळूकही सहन न होणे अशी लक्षणे एकदा सुरू झाली की जगात कुठल्याही दवाखान्यात खात्रीचा उपाय नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यात चारातले तीन चावे कुत्र्याचे. आणि वर्षाला अंदाजे ५,७२६ माणसे रेबीजने मरतात. कुत्रा चावलेल्या दर पाच जणांत एकाने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता.

चावल्यावर काय करायचे

तिखट, चुना, बिब्बा, डाग, झाडपाला, मंत्र: काहीही नाही. हळदसुद्धा नाही, आपल्या जिल्ह्यात ती कितीही पिको. वाहत्या पाण्याखाली, साध्या अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाने जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा. पंधरा मिनिटे फार वाटतात, दोन मिनिटांत माणूस कंटाळतो, म्हणून हा आकडा पुन्हा सांगतो. या धुण्याने विषाणू मोठ्या प्रमाणात निघून जातो. नंतर आयोडीनचे औषध असेल तर लावा. पट्टी आवळून बांधू नका, टाके लगेच घालू देऊ नका.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कातडी फाटलेली नसताना कुत्र्याने नुसते चाटले तर सुई लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस लागते. रक्त आले असेल, दात रुतला असेल, किंवा लाळ तोंडात-डोळ्यात-उघड्या जखमेवर गेली असेल तर लसीबरोबर रेबीजचे सीरम लागते, आणि ते जखमेच्या आत व भोवती टोचावे लागते. चेहरा, डोके, हात यांना चावा असेल तर जराही उशीर नको, तिथून मेंदूची वाट जवळची. दंडातली लस असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यायची. कातडीत टोचायची पद्धत असेल तर ०, ३, ७ आणि २८. शून्य म्हणजे पहिल्या सुईचा दिवस. पोटात चौदा सुया हा जुना काळ झाला, ती भीती मनातून काढा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे बाळ, सगळ्यांना ही लस चालते. वांगे खाऊ नका, मटण खाऊ नका असल्या पथ्यांना आधार नाही. उशीर झाला म्हणून आता जाऊन काय उपयोग, असेही म्हणू नका. मावशी पाचव्या दिवशी गेल्या, तरी लस आणि सीरम दोन्ही मिळाले.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, सीरम नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. सरकारी दवाखान्यात हे मोफत आहे. 'साठा संपला, उद्या या' असे ऐकायला मिळाले तर कोणत्या दवाखान्यात आहे ते तिथूनच फोन करून विचारायला लावा. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

चावलेला कुत्रा मारू नका. शक्य असेल तर त्याला दहा दिवस बांधून, खायला-प्यायला देऊन लांबून पाहा. चावला तेव्हाच त्याच्या लाळेत विषाणू असेल तर तो दहा दिवसांत आजारी पडतो, मरतो. दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. पण पहिले डोस त्याची वाट न पाहता सुरू करायचे.

जाता जाता गुरांचे. पिसाळलेला कुत्रा गाय-म्हशीला चावला तर तिलाही रेबीज होतो. मग ती खाणे सोडते, लाळ गाळते, आणि घशात काही अडकले असेल म्हणून घरातला कर्ता माणूस तिच्या तोंडात हात घालतो. तसे करू नका. हात घातला गेला असेल तर तो चावाच समजा. गुराला कुत्रा चावल्याचे दिसले तर लगेच पशुवैद्यकाला सांगा, गुरांनाही लस देतात.

मालकाने काय करायचे

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण दरवर्षी. लसीचे कार्ड घरातल्या रेशन कार्डाजवळ ठेवा, चावल्यानंतर शोधाशोध नको. वाढवायची पैदास नसेल तर नसबंदी. साखळीऐवजी कुंपण, ते जमत नसेल तर लांब तार ओढून तिच्यावर सरकणारी दोरी, म्हणजे त्याला फिरता येते आणि रस्त्यावर येता येत नाही. सावली आणि पाणी. रोज थोडा वेळ मोकळे फिरवणे. आखाड्यावर मजूर येणार असतील तर कुत्रा कुठे बांधला आहे ते कामाला लागण्याआधी सांगणे आणि पाण्याचा माठ कुत्र्याच्या टप्प्याबाहेर ठेवणे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका. गुरगुरणे म्हणजे 'थांब' असे सांगणे. मार खाऊन खाऊन ज्याने गुरगुरणे सोडले तो पुढे न सांगता चावतो. अंग ताठ, शेपूट ताठ, नजर रोखलेली, ओठ वर: हे दिसले की मागे सरायचे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे नेहमी खरे नसते. मुलांना शिकवा: खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याजवळ आणि पिल्लांच्या आईजवळ जायचे नाही. अंगावर आला तर पळायचे नाही, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहायचे, डोळ्यांत पाहायचे नाही. मोटारसायकलमागे कुत्रे लागले तर गाडी जोरात पळवू नका, हळू करा. बरेच अपघात चाव्याने नव्हे, घाबरून गाडी पळवल्याने होतात.

कायद्याचेही माहीत असावे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दवाखान्याचा केसपेपर जपून ठेवा, त्यावर 'कुत्रा चावला' आणि तारीख लिहून घ्या. तक्रार करायचीच असे नाही. पण कागद हातात असला की मजुराचे बोलणे वेगळ्या कानाने ऐकले जाते, असा आमचा अनुभव आहे.

मोकाट कुत्र्यांना विष घालणे हा कलम ३२५ खालचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. पहिले शील घेणाऱ्या आपल्या घरांतून तरी हे होऊ नये. शिवाय त्याचा उपयोगही नाही: रिकाम्या झालेल्या गल्लीत आठवड्याभरात दुसरीकडचे, लस नसलेले कुत्रे येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले की नसबंदी व लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत, पिसाळलेले आणि अंगावर येणारे मात्र सोडू नयेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बस स्थानक, रेल्वे स्टेशन या जागांतून कुत्रे हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितले. ग्रामसभेत किंवा नगर परिषदेत अर्ज देताना या दोन तारखा लिहा. शाळेच्या वाटेवर रोज पोरांमागे लागणारा कुत्रा असेल तर अर्जाला एवढा आधार पुरेसा आहे.

मावशींच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीचे भाडे मालकाने दिले, पुढच्या तीन त्यांच्या पदरच्या, आणि चार दिवसांचा रोज गेला तो वेगळाच. कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत होता. आम्ही मालकाला भेटून लसीचे सांगितले. तो त्याला टेंपोत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेला, साखळीही थोडी वाढवली. पाण्याचा माठ मात्र गोठ्यापाशीच आहे. सोयाबीनच्या काढणीला त्याच आखाड्यावर बाया जाणार आहेत, म्हणून माठाचे आम्ही पुन्हा सांगून आलो आहोत.